कौतुक झाले, हक्काचे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने यंदा आम्हाला विषय दिला, "आरोग्यसेवक आणि समाज". आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही रोलिंग मिलमध्ये सळई ओढणारे कामगार. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं जे काय शिकलो ते चळवळीत आणि विहाराच्या वाचनालयात. त्यामुळे औषधाविषयी न बोलता, त्या औषधापर्यंत माणसाला जिवंत पोचवणाऱ्या कामगाराविषयी आम्ही बोलणार आहोत.

हा कामगार कोण? सरकारी कागदावर त्याला निमवैद्यकीय कर्मचारी म्हणतात, इंग्रजीत पॅरामेडिक. आपल्या वस्तीत त्याला नाव नाही. "१०८ वाला" म्हणतात, "अँब्युलन्सवाला" म्हणतात, दवाखान्यात गेलं की "ए मामा", "ओ ब्रदर". आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ गाड्यांत श्वास चालू ठेवणारं यंत्र, हृदयाला झटका देणारं यंत्र अशी मोठी सामग्री, आणि बाकी ७०४ गाड्यांत ऑक्सिजन, स्ट्रेचर, प्रथमोपचाराचं सामान. दुसऱ्या कित्येक राज्यांत गाडीवर पॅरामेडिक असतो. आपल्याकडे त्याच्या जागी एक डॉक्टर आणि एक चालक असतो. हे डॉक्टरही बहुतेक आयुर्वेद-होमिओपॅथीचं शिक्षण घेतलेले तरुण. चालकाला "पायलट" म्हणतात. नाव विमानाचं, रस्ता मात्र मंठा-परतूरचा.

आपण १०८ लावला की फोन पुण्याला जातो. तिथून जवळची गाडी कोणती ते बघून तिला निरोप मिळतो. गाडी पोचली की पहिलं काम काय? तर जखमीला उचलून पळायचं नाही. आधी त्याची श्वासाची वाट मोकळी आहे का, तो श्वास घेतो का, रक्त कुठून वाहतं, हे बघायचं. मान मोडली असेल तर पट्टा लावून अंग एका रेषेत वळवायचं, नाहीतर वाचलेला माणूस जन्मभर लुळा. हे सगळं रस्त्याच्या कडेला, अंधारात, भोवती शंभर माणसं ओरडत असताना. मग जिल्हा रुग्णालय, आणि तिथं नाही भागलं तर साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरची घाटी.

आपला जिल्हा या कामाला अवघड. शेतात कापूस, त्यात साप. घरात फवारणीचं औषध, आणि कर्जानं पिचलेला माणूस. शहरात भट्ट्या. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग खुला झाला, तो आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतूनच जातो. १ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात त्याच रस्त्यावर बस जळून २५ माणसं गेली. वर्तमानपत्रात मेलेल्यांचे आकडे आले, पुढाऱ्यांच्या भेटी आल्या. पण अशा रात्री जळालेलं शरीर हातानं उचलून गाडीत ठेवणारा माणूस सकाळी घरी जाऊन भाकरी कशी खात असेल, हे कुणी विचारत नाही.

आमच्या मिलमधला एक प्रसंग सांगतो. तापलेली सळई लाइनीतून सुटली आणि एका तरुण कामगाराच्या मांडीला लागली. कुणी हळद आणा म्हणालं, कुणी शाई, कुणी टूथपेस्ट. तेवढ्यात १०८ आली. डॉक्टरीण बाई पंचविशीच्या आतली असेल. तिनं सगळ्यांना मागं सारलं, पँट कापली, स्वच्छ गार पाणी धरलं ते वीस मिनिटं धरलंच. वर स्वच्छ कापड झाकलं, सलाईन लावलं. पायलटनं एकट्यानं स्ट्रेचरचं एक टोक उचललं, दुसरं आम्ही चौघांनी. पोरगा वाचला, आज कामावर आहे. त्या दिवशी जाताना आमच्यातल्या एकानं पायलटला विचारलं, "भाडं किती झालं?" तो म्हणाला, "काका, ही सरकारी गाडी आहे, फुकट आहे." आणि हातातला अर्धा चहा ठेवून निघाला, कारण दुसरा फोन आला होता. दोघांचं नाव कुणी विचारलं नाही.

आता कौतुकाकडे येऊ. कौतुक झालं नाही असं नाही. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशानं टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. आपल्या गल्लीतही वाजल्या. ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं पडली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशाताईंचा गौरव केला. गरोदर बाईसाठी रात्री-बेरात्री गाडी बोलावणारी आणि तिच्यासोबत गाडीत बसून जाणारी ती हीच आशाताई. जगानं तिचं नाव घेतलं, आम्हाला आनंदच झाला. पण पुढे काय झालं? त्याच आशाताईंना २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संप करावा लागला, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा करावा लागला, मुंबईला आझाद मैदानात बसावं लागलं. तेव्हा कुठं मार्च २०२४ मध्ये मानधनात महिना ५ हजार रुपयांची वाढ झाली. तीही मानधनात. पगार म्हणायचं नाही, कारण कागदोपत्री ती "स्वयंसेविका".

१०८ चंही तसंच. गाडीवर शासनाचं नाव, पण काम ठेकेदार कंपनीकडे. त्यामुळे गाडीवरचा माणूस लोकांच्या नजरेत सरकारी आणि हक्काच्या बाबतीत खासगी. लांबलेली ड्युटी, अपुरा पगार आणि उद्याची खात्री नाही, ही या धंद्यातली जुनी गाऱ्हाणी आहेत. बंधूंनो, मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती मांडली, तिनं बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आमच्यासारख्या गिरणी कामगाराला आठ तासांची पाळी त्यातून मिळाली. थकलेल्या कामगाराच्या हातून आमच्याकडे सळई सुटते. गाडीवर थकलेल्या कामगाराच्या हातात स्टेअरिंग असतं आणि मागं पेशंट असतो. म्हणून त्याच्या तासांचा प्रश्न तुमच्या-आमच्या जिवाचा आहे.

काही लोक म्हणतात, ही तर सेवा आहे, सेवेला मोल कसलं? धम्माचाही दाखला देतात. तो दाखला नीट समजून घेऊ. विनयपिटकात कथा आहे. पोटाच्या विकारानं आजारी एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. तो संघाच्या उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतः धुतलं, उचलून मंचकावर ठेवलं, आणि माझी सेवा करायची तर आजाऱ्याची करा अशा अर्थाचा उपदेश केला. तिथंच चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितलेत. त्याला औषध करता यावं, पथ्य-कुपथ्य कळावं, मलमूत्राची किळस येऊ नये, त्यानं लाभाच्या आशेनं नव्हे तर मैत्रीनं सेवा करावी आणि रोग्याला धीराचे दोन शब्द सांगावेत.

आता "लाभाच्या आशेनं नव्हे" एवढंच उचलून कुणी पगार नाकारू पाहील, तर आम्ही विचारतो, त्या भिक्खूचं भोजन कोण देत होतं? उपासक देत होते. चीवर, निवारा, औषध, सगळं समाज देत होता. आजच्या १०८ वाल्याला घरभाडं आहे, पोरांची फी आहे, म्हाताऱ्या आईचं औषध आहे. समाजानं त्याच्या पोटाची जबाबदारी घ्यायची नाही आणि त्यानं मात्र भिक्खूसारखं राबायचं, हा न्याय कुठला? आपल्या लोकांना विनामोल काम चांगलं ठाऊक आहे. त्याला वेठ म्हणत. सांगावा पोचवा, ढोर ओढा, मयताचं लाकूड फोडा. तेव्हाही गाव कौतुक करायचंच, "आमचा महार इमानदार" म्हणायचं. ते कौतुक ऐकून कुणाचं पोट भरलं नाही.

इथं वस्तीतले आईबाप एक प्रश्न विचारतात, तो रास्त आहे. बाबासाहेबांच्या शब्दाखातर आपल्या वाडवडिलांनी घाणीची कामं सोडली. मग पोरांनी पुन्हा रक्त-मांस, मलमूत्र उचलायच्या धंद्यात का जावं? आमचं उत्तर असं. जे काम जातीनं गळ्यात पडतं, ज्याला शिक्षण नाही, मोल नाही आणि नकार द्यायची मुभा नाही, ते सोडलं ते बरोबरच केलं. पण जे काम शिकून, परीक्षा देऊन, स्वतःच्या मर्जीनं आणि पगारावर करायचं, ते वेगळं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर पाठीवर घेतलं आणि डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्याच गाडी झाल्या. हे काम हलकं आहे असं कोण म्हणेल?

आणखी एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचं आहे, पण ऐकताना आपलंच वाटेल. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट म्हणून काळ्या लोकांची वस्ती. तिथं माणूस पडला तर पोलिसांची गाडी यायची, मागं टाकून न्यायची, वाटेत उपचार काही नाही. १९६७ साली डॉ. पीटर साफर यांच्या मदतीनं त्या वस्तीतल्या तरुणांना सुमारे ३०० तासांचं शिक्षण दिलं गेलं. कित्येकांना काम नव्हतं, काहींची शाळाही पुरी नव्हती. लोक त्यांना बिनकामाचे म्हणत. त्यांनी "फ्रीडम हाऊस" नावाची रुग्णवाहिका सेवा चालवली आणि अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांत त्यांची गणना होते. पण १९७५ साली महापालिकेनं स्वतःची सेवा काढली, यांची बंद केली, आणि हळूहळू बहुतेक काळे कर्मचारी बाहेर पडले. काम यांनी उभं केलं, कायम नोकरी दुसऱ्यांना मिळाली. त्यांचं कौतुक पुष्कळ झालं, पण फार उशिरा. यातून घ्यायचं ते हे की शिक्षण घ्याच, पण संघटनेशिवाय राहू नका.

आपल्याकडे २०२१ साली संसदेनं निमवैद्यकीय आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी, व्यवसायाची ओळख त्यातून मिळायची आहे. जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ साली सुरू झालं. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनानं जगभर माहीत झाले, २०२२ साली पद्मश्री झाले. तेही याच मातीतले. तेव्हा बारावी झालेल्या पोरा-पोरींनी ही वाट जरूर बघावी. फक्त प्रवेशाआधी कॉलेजला मान्यता आहे की नाही, ते तपासा.

शेवटी, आपण वस्तीनं काय करायचं ते सांगतो आणि थांबतो.

एक, फोन लावला की गाव, फाटा, जवळची खूण, किती पेशंट, श्वास चालू आहे का, हे नीट सांगा आणि फोन चालू ठेवा. एक पोरगा बॅटरी घेऊन चौकात उभा करा. गल्लीतल्या मोटारसायकली काढून ठेवा.

दोन, सायरन ऐकला की वाट द्या. २०१९ च्या दुरुस्तीनं वाट न देणाऱ्या वाहनचालकाला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वरातीतल्या गाड्यांनासुद्धा हा कायदा लागू आहे, आणि आपल्या मिरवणुकीतल्या गाड्यांनाही. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्याच दुरुस्तीनं संरक्षण दिलंय, तेव्हा पोलिसांच्या भीतीनं पाय मागे घेऊ नका.

तीन, गाडीला उशीर झाला म्हणून गाडीवरच्या माणसावर हात टाकू नका. गाड्या किती ठेवायच्या हे तो ठरवत नाही. २०१० च्या राज्याच्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायद्याआधी माणुसकी आहे.

चार, नाव विचारा. आपला माणूस वाचला तर गाडीवरच्या दोघांची नावं, तारीख, वेळ लिहून जिल्हा शल्यचिकित्सकांना साधं पत्र टाका. शाल दोन दिवसांत कपाटात जाते, कागद कामाच्या नोंदीत राहतो.

पाच, ते आणि आशाताई जेव्हा हक्कासाठी रस्त्यावर बसतील तेव्हा "पेशंटचे हाल होतात" म्हणून नाक मुरडू नका. पाण्याची घागर घेऊन जा, निवेदनावर सही करा. ज्यांनी कोरोनात त्यांच्यासाठी थाळी वाजवली, त्यांनी एवढं करायलाच हवं.

विहार समितीला आमची सूचना आहे की पुढच्या वर्धापनदिनी गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना सत्काराला बोलवायचं तर त्यांच्याकडून दोन तास शिकूनही घ्यावं. रक्त कसं थांबवायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, साप चावल्यावर काय करायचं नाही. वस्तीतल्या वीस पोरापोरींना एवढं आलं, तर गाडी येईपर्यंतची मधली मिनिटं वाया जाणार नाहीत. आणि त्या दिवशी त्यांच्या मागण्यांचा ठराव सभेनं मंजूर करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.



नमो बुद्धाय. जयभीम.