लोकर आणि माती
(नावडे येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



बागेविषयी चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चालकांनी केली, तेव्हा मला जरा हसू आले. मेंढरांमागे हिंडण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना बाग कोठली ? परंतु विचार करता असे ध्यानी आले की, बागेच्या उपयोगी पडणारी एक मोलाची वस्तू आपल्याच घरची असून आपल्यालाच तिचा विसर पडला आहे. ती वस्तू म्हणजे मेंढीची लोकर.

भातकापणी आटोपली की देशावरचे आपले वाडे घाट उतरून कोकणात येत. शेतकरी आपल्या खाचरांत मेंढ्या बसवून घेई आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देई. लेंडीखताने जमीन कसदार होई. धनगर पाहुणा म्हणून मानाने राही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे पनवेल तालुक्यातील पुष्कळ खाचरांवर वसाहती उभ्या राहिल्या. आजही काही वाडे कोकणात उतरतात. पण नावड्यासारख्या ठिकाणी मेंढ्या बसवावयास रान फार थोडे उरले आहे.

इकडे लोकरीचीही तीच दशा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. घोंगडीला ती उत्तम, तलम कापडाला निरुपयोगी. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचे गिऱ्हाईक नेले आणि अनेक ठिकाणी लोकरीच्या किमतीत कातरणीची मजुरीही सुटेनाशी झाली. मग ती लोकर ओढ्याकाठी टाकून देण्यात येते. आपल्या हातांनी आपले धन फेकावे लागावे, यासारखे दुःख नाही.

वास्तविक लोकर ही मातीला खाद्य आहे. स्वच्छ, कोरड्या लोकरीत सुमारे शेकडा १६ भाग नत्र व ३ ते ४ भाग गंधक असते. शेणखतात नत्र शेकडा अर्ध्या भागाच्या आसपासच असते. मात्र लोकर सावकाश कुजते, म्हणून हे नत्र झाडाला कित्येक महिने थोडे थोडे मिळत राहते. शिवाय ती आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश ओल हवेतूनच शोषून घेते. इंग्लंडात यॉर्कशायरच्या लोकर-गिरण्यांतील टाकाऊ धागा तेथील रुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतांना पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून घातला गेला. म्हणजे ही काही नवलाची कल्पना नव्हे.

आता कृती सांगतो. न धुतलेल्या लोकरीस तेलकटपणा असतो व ती प्रथम पाणी झिडकारते. म्हणून रात्रभर बादलीत भिजवावी. त्या पाण्यात मेंढीच्या घामातील पालाश उतरते. ते आणखी पाणी घालून झाडांना द्यावे. लोकर पिंजून, बोटाएवढे तुकडे कापून, कुंडीमागे मूठभर मातीत चार बोटे खाली मिसळावी. लांब धागे उघडे ठेवू नयेत. पाखरे ते घरट्यात नेतात व पिलांचे पाय त्यांत अडकतात. उन्हाळ्यात वर पातळ थर पसरून त्यावर माती किंवा पालापाचोळा टाकावा.

माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी मी ऐन आषाढात मिरचीच्या बुंध्याभोवती लोकरीचा जाड वेढा घातला. कोकणचा पाऊस तो ! वेढा ओला राहून बुंधे कुजले. तेव्हापासून मी पावसाळा सरल्यावर लोकर घालतो आणि बुंध्यापासून दोन बोटे अंतर ठेवतो. गोगलगायी हिने हटतात असे म्हणतात. मला तसा अनुभव आला नाही. तसेच गोचिडांचे औषध नुकतेच लावलेल्या मेंढीची लोकर बागेत घेऊ नये. रोगाने मेलेल्या जनावराच्या लोकरीस तर हातही लावू नये. फाशी रोग, ज्याला माणसांत काळपुळी म्हणतात, तो लोकरीतूनही पसरतो.

यातून कोणी श्रीमंत होईल असे मी म्हणत नाही. माझी विनंती इतकीच की, वसाहतीतील चार-पाच घरांनी मिळून आपल्या एखाद्या मेंढपाळ आप्ताकडून एक पोते लोकर घ्यावी आणि निदान कातरणीची मजुरी तरी त्याच्या हाती ठेवावी. आपली मुले घोंगडीला लाजतात. त्याच लोकरीवर सज्जातील झाड फोफावलेले त्यांनी पाहिले, तर आजोबांच्या धंद्याकडे ती वेगळ्या दृष्टीने पाहतील.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत आपण भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतो. देवाला जी वस्तू आपण वाहतो, ती ओढ्याकाठी टाकू नये, मातीला द्यावी. एके काळी आपले कळप खाचरांना जे देत होते, त्याचा अल्पसा अंश तरी या कुंड्यांतून मातीला परत मिळेल.