दुसरी प्रत
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



मी मराठीचा प्राध्यापक. संगणक हा माझा प्रांत नव्हे. तरीही ग्रंथसूचीच्या नियोजित सर्व्हरविषयी मी बोलावे अशी आज्ञा झाली, त्याचे कारण आपण जाणता. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात कार्यालयातील एकुलत्या एका संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली आणि अठरा महिन्यांच्या नोंदी नाहीशा झाल्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण तालिकापत्रे रद्दीत काढण्याचा ठराव ग्रंथपालबाईंनी अमलात आणला नव्हता. नवी पत्रे लिहिणेही थांबवले नव्हते. तो ठराव मांडणारा मीच होतो, हे आज कबूल करतो.

लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ वाचला तो पाठांतरामुळे. पुढे मात्र निरनिराळे पाठ निघाले आणि त्यांतील मूळचा कोणता, हा प्रश्न अभ्यासकांपुढे राहिला. आपल्या योजनेचे सारे मर्म यात आहे. प्रती अनेक हव्यात, आणि त्यांचा परस्परांशी मेळही हवा.

1988 साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' ही कल्पना मांडली. तिच्या एका प्रकारात प्रत्येक नोंद दोन डिस्कवर एकाच वेळी उमटते. एक बिघडली तरी दुसरी काम चालू ठेवते. हाच न्याय वीजपुरवठ्याला लावावा. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय घेतले, पण दोन्ही एकाच यूपीएसला जोडले, तर दुसऱ्याचा उपयोग निम्माच. जेथे 'एकच' असा शब्द येतो, तेथे बोट ठेवावे.

मात्र हौसेला मर्यादा असावी. 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास बंद, 99.999 टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटे. ही दुसरी चैन बँकांना आवश्यक असेल. रात्री कुलूप लागणाऱ्या वाचनालयाला नव्हे. देणगीदारांचा तो पैसा बॅकअपकडे वळवावा. कारण चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. जुळी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एकंदर तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक या वास्तूबाहेर, हा नियम पाळावा.

शेवटची विनंती. स्वीकृतीची सही करण्यापूर्वी सभासदांसमक्ष चालत्या सर्व्हरमधील एक डिस्क काढून पाहावी. नवी बसवून तिच्यावर सर्व नोंदी पूर्ण उमटेपर्यंत थांबावे. दर तिमाहीस बॅकअपमधून काही नोंदी परत आणून मूळ तालिकापत्रांशी ताडाव्यात. परत आणून न पाहिलेला बॅकअप हा केवळ विश्वास आहे.

आणि ते लाकडी खण? ते राहू द्यावेत. माझा जुना ठराव मी आज आपल्या साक्षीने मागे घेतो.