लुईस हेडन : गुलाम, दुकानदार, आमदार

आज आपण ज्या माणसाची गोष्ट ऐकणार आहोत, त्याला लहानपणी मालकाने दोन घोड्यांच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. हा माणूस पुढे आमदार झाला. त्याचं नाव लुईस हेडन.

हेडनचा जन्म अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, गुलामगिरीत झाला. त्याची पहिली बायको आणि मुलगा दूर दक्षिणेत विकले गेले. ते त्याला पुन्हा कधीच दिसले नाहीत. १८४४ मध्ये दुसरी बायको हॅरिएट आणि तिचा मुलगा जोसेफ यांना घेऊन तो पळाला. घोडागाडी आणली होती कॅल्विन फेअरबँक आणि डेलिया वेबस्टर या दोन गोऱ्या माणसांनी. हेडन कुटुंब सुटलं, पण परत येताना ते दोघे पकडले गेले. फेअरबँकला शिक्षा झाली पंधरा वर्षांची. माणशी पाच वर्षं!

इथून पुढचं नीट ऐका. हेडन बॉस्टनला आला आणि त्याने कपड्यांचं दुकान टाकलं. फेअरबँकला तो विसरला नाही. जुन्या मालकाची अट होती : ६५० डॉलर द्या, मग माफीला हरकत नाही. हेडनने लोकांकडून पैसे जमवले आणि १८४९ मध्ये फेअरबँक सुटला. ज्याने गुलामाला सोडवलं, त्याला त्या गुलामाने सोडवलं.

१८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा आला. विल्यम आणि एलन क्राफ्ट या जोडप्याच्या मागावर माणसं बॉस्टनपर्यंत आली. हेडनने विल्यमला घरात घेतलं, दारूगोळ्याची पिंपं ठेवली आणि बजावलं, आत याल तर घर उडवून देईन. कोणी आत आलं नाही. पुढच्याच वर्षी शॅड्रॅक मिंकिन्सला जमावाने भर न्यायालयातून पळवून नेलं. त्यातही हेडन होता. त्याच्यावर खटला झाला, पण ज्युरींचं एकमत झालं नाही.

१८७३ मध्ये हेडन मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात निवडून गेला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना त्यांनी ते अर्पण केलं. त्या मुक्तीच्या कामात हेडनसारखे, स्वतः साखळ्या तोडून आलेले लोकही होते, हे आपण लक्षात ठेवू या.

हेडन १८८९ मध्ये गेला. हॅरिएटने आपली मालमत्ता हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवली. स्वतः सुटल्यावर या घराने दार लावून घेतलं नाही, ते मागून येणाऱ्यांसाठी उघडं ठेवलं.