दुखण्याचं अक्षर, बाईचं अक्षर

(नेवासा येथे नर्सिंग झालेल्या मुलींसमोर केलेलं भाषण)



जानेवारी २०२१ मध्ये भारत-जपान करार झाला आणि विशेष कौशल्याच्या व्हिसावर तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषेला जाण्याची वाट आपल्याला खुली झाली. त्यासाठी भाषेची परीक्षा असते. तुमच्याबरोबर मीही थोडी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, गिरवली.

माणूस लिहायला दोनच रेघा लागतात. माणसाशेजारी झाड काढलं की 'विश्रांती' होते. आजार, दुखणं, थकवा या अक्षरांवर एकच छप्पर असतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं ते जुनं चित्र. ते ओळखलं की अनोळखी अक्षरही सांगतं, इथे कुणाला तरी काही होतंय.

बाईचं अक्षर मात्र जपून वाचा. बाई आणि घर मिळून सून होते. बाई आणि केरसुणी मिळून पुन्हा बाईच! नर्सच्या जुन्या 'कांगोफु' या शब्दात हीच केरसुणीवाली बाई होती. २००२ पासून कायद्याने 'कांगोशी' हा शब्द आला. तो बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे आणि त्यातल्या 'शी'चा अर्थ जाणकार.

म्हातारपणी स्मृती जाते, त्या आजाराला तिथे 'चिहो' म्हणत. दोन्ही अक्षरांचा अर्थ खुळेपणाकडे जाणारा. पहिल्यात 'जाणणं' हे अक्षर आजाराच्या छपराखाली कोंडलेलं. २००४ साली सरकारने तो शब्द बदलून 'निन्चिशो' केला. यात 'जाणणं' मोकळं उभं आहे, छप्पर फक्त शेवटच्या 'विकार' या अक्षरावर. आजार वेगळा, माणूस वेगळा.

आपल्याकडे काय म्हणतात? 'म्हातारचळ लागलाय.' आणि त्या सासूचं सगळं अंथरुणात काढणाऱ्या सुनेच्या कामाला तर नावच नाही. स्वतःचं दुखणंही आपण 'बायकांचं काहीतरी' म्हणून झाकतो. याच नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता लोकांच्या बोलीत आणली. त्या गावच्या बाईला आपलं दुखणं आपल्या बोलीत सांगता येऊ नये?

तेव्हा जपानी शिका, जरूर जा. पण सुरुवातीच्या त्या व्हिसावर नवरा-मुलं सोबत नेता येत नाहीत, हे आधी घरात स्पष्ट बोला. 'दुखणं' शिकाल तसं 'पगार', 'कपात', 'सुट्टी' हेही वाचायला शिका, कारण सही तुम्हालाच करायची आहे. आणि ज्या इथेच राहणार आहात, त्यांनी आजपासून एवढं करा: 'म्हातारचळ' म्हणू नका, आजाराचं नाव घ्या. शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या श्रमाला काम म्हणा.