पत्ता टिकला तर माहिती पोचते



ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर किंवा शाळेच्या परिपत्रकात एकदा छापलेला संकेतस्थळाचा पत्ता परत घेता येत नाही. वर्षभराने तोच पत्ता उघडणाऱ्या नागरिकास 'पान सापडले नाही' एवढेच उत्तर मिळाले, तर माहिती असूनही ती नसल्यासारखीच होय. जागतिक जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला होता, तो याच कारणाने.

हे साधावयाचे कसे? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यातील १०० गावांची माहिती एका सारणीत साठविली आहे. त्यासाठी १०० पाने लिहिण्याचे कारण नाही. एकच साचा मागणीप्रमाणे त्या त्या गावाचे पान तयार करतो. मात्र कोणते गाव हवे, हे साच्यास पत्त्यातूनच कळावे लागते. प्रश्नचिन्हे व क्रमांक यांनी भरलेला पत्ता यंत्रास चालतो. माणसास 'गाव', पुढे तिरपी रेघ आणि मग गावाचे नाव, असा सुटसुटीत पत्ता हवा असतो.

त्याकरिता प्लगइनमध्ये चार गोष्टी कराव्या लागतात. पहिली, 'ॲड रीराइट रूल' या फंक्शनने नियम नोंदविणे: 'गाव' या शब्दापुढील मजकूर हे गावाचे नाव समजावे. नियम क्रमाने तपासले जातात आणि जो प्रथम जुळेल तोच लागू होतो. यास्तव नवा नियम यादीत वर ठेवणे इष्ट. दुसरी, या नव्या घटकाचे नाव 'क्वेरी व्हार्स'च्या मान्य यादीत घालणे. एरवी वर्डप्रेस त्याची दखलच घेत नाही. तिसरी, 'टेम्प्लेट इन्क्लूड' या टप्प्यावर योग्य साचा पुढे करणे.

चौथी गोष्ट बहुधा विसरली जाते. नियमांची यादी डेटाबेसमध्ये साठविलेली असते. ती नव्याने तयार केल्यावाचून नवा पत्ता चालत नाही. प्लगइन कार्यान्वित होताना, आधी नियम नोंदवून, ही यादी एकदाच नव्याने करावी. प्रत्येक भेटीच्या वेळी ती करीत राहिल्यास संकेतस्थळावर विनाकारण भार पडतो.

एवढ्याने जबाबदारी संपत नाही. पत्त्यातून आलेले नाव तपासल्याशिवाय वापरू नये. ते गाव सारणीत नसेल, तर कोरे पान न दाखविता ४०४ हा संकेत द्यावा. पत्ता बदलणे अटळच झाले, तर ३०१ या संकेताने जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट करून द्यावी.

साचा बदलेल, प्रणाली बदलेल, अधिकारीही बदलतील. नागरिकाच्या हाती दिलेला पत्ता मात्र त्यास दिलेला शब्द आहे. तो पाळला गेला पाहिजे.