शहर कशाने वसते?

श्रोतेहो, आपल्या शहरात कारखाने यावेत, असे कोणाला वाटत नाही? मग जमीन स्वस्तात देऊ, कर माफ करू, अशी भाषा सुरू होते. सवलतींना माझा विरोध नाही. पण केवळ सवलतीसाठी आलेला उद्योग, दुसरीकडे जास्त सवलत मिळाली की बिऱ्हाड हलवतो. तो टिकतो कशाने, हे पाहायला कोल्हापूरचे उदाहरण मला फार बोलके वाटते.

१८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. भोवतालच्या गावांत ऊस होता, गुऱ्हाळे होती. गुळाला हक्काची पेठ मिळाली. पेठ झाली तसे व्यापारी, अडते, हमाल, गाडीवान आले आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले.

पण महाराज पेठेवरच थांबले नाहीत. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. १९०६ मध्ये कापडगिरणीची स्थापना झाली. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. ते पूर्ण झाले त्यांच्या पश्चात. १९१२ मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले.

कुस्तीचा आणि नाटकाचा व्यापाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की पोटासाठी आलेल्या माणसाला संध्याकाळही असते. मुलांना शाळा, घरात पाणी, चार घटका करमणूक एवढे असले, तरच तो बायकामुलांना घेऊन येतो. कुटुंब आले की कसबही त्या गावात मुरते. पुढे शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे, लेथचे, सुट्या भागांचे लहान लहान कारखाने निघाले. साचा एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, टर्निंग तिसऱ्याकडे आणि सगळे हाकेच्या अंतरावर. नव्या उद्योजकाला ही सोय करमाफीपेक्षा मोलाची असते.

हे सारे आपोआप टिकत मात्र नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा महापूर शहरात शिरला, तेव्हा दुकाने आणि घरे दोन्ही पाण्यात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळाले. आणि इथेच इंजिनिअर झालेली कितीतरी मुले नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात. पूर ओसरतो, इमारत पुन्हा बांधता येते. पण एकदा तिकडे संसार थाटलेला मुलगा सहसा परत येत नाही.

म्हणून मला वाटते, बाहेरून कोण येणार हा प्रश्न नगरपालिकांनी नंतर विचारावा. आधी विचारावे, की आपली मुले इथे राहतील का? पाणी, शाळा, रस्ते, पूररेषेचा मान राखून केलेली बांधकामे, संध्याकाळी जायला एखादे मैदान, एखादे नाट्यगृह, ही त्या प्रश्नाची साधी उत्तरे आहेत. ज्या गावात घरची मुले थांबतात, तिथे बाहेरचा व्यापारी आपण होऊन पत्ता विचारत येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)