बिनपगारी गडी आणि पाहुणा मासा

(खारभूमी भागातील मेळाव्यात केलेले भाषण)



आज शेतमालाच्या भावावर बोलणार नाही. बोटाएवढ्या माशावर बोलणार आहे.

डास मारायला 'गप्पी' म्हणून जे मासे सोडतात, त्यात दोन जाती असतात. खरा गप्पी दक्षिण अमेरिकेतला. दुसरा गंबुसिया. तो मूळचा मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या नद्यांतला, गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातला. १९२८ साली तो इटलीतून भारतात आणला. खाडीकाठचं पाणी त्याला परकं नाही, हे आधी ध्यानात घ्या.

याची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. तीन-चार आठवड्यांत एक वेत, एका वेतात डझनांनी पिल्लं. नराचं बीज ती पोटात साठवते. म्हणजे एकटी मादी पुरात वाहून गेली, तरी नवं डबकं भरून टाकते.

शेतकीची पदवी घेऊन नोकरीला लागलो, तेव्हा बादल्या भरून हे मासे मीच ओतलेत. डासाची अळी श्वासाला वर येते आणि वर वळलेल्या तोंडाचा हा मासा ती टिपतो, असं शिकवलं होतं. ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. हा मासा दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं खातो, बेडकाची पिल्लं खातो, चतुराच्या अळ्याही खातो. बेडूक आणि चतुर तुमच्या खाचरातली कीड खातात. चतुराची अळी तर स्वतःच डासाच्या अळ्या फस्त करते. म्हणजे बिनपगारी गडी हाकलून आपण पाहुणा पोसला!

जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ सालीच याची शिफारस थांबवली. २००० साली तो जगातल्या शंभर सर्वात उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत गेला.

मग मलेरिया सोसायचा का? मुळीच नाही. बंद हौदात, टाकीत, जिथून पाणी ओढ्याला जात नाही तिथे मासा ठेवा. पण शेततळं, ओढा, उघाडीच्या आतलं पाणी इथे नको. एकदा बांधाला खांड पडली की तो कोणाच्या हाती लागायचा नाही. तिथे आपल्याच पाण्यातला, डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा मासा अळ्या खातो. त्याला जगू द्या.

आणि पुढच्या वेळी कोणी बादली घेऊन आलं, तर आधी विचारा: साहेब, मासा कुठला?